कवळी, चष्मा आणि तोफा

कायदेमंडळातील भाषणे म्हणजे निव्वळ वाफ. बोलणाऱ्याने बोलावे, ऐकणाऱ्याने जांभई द्यावी, आणि अखेरीस ज्या बाजूस बहुमत त्या बाजूस निकाल लागावा, अशी समजूत आपल्यातील पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांचीही आहे. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. ती रूढ होण्यास सभासदांनीच पुष्कळ हातभार लावलेला आहे. तथापि तिजोरीत जे कमी पडते ते कोणाच्या खिशातून काढावयाचे, हा प्रश्न जेव्हा एखादा सभासद हिशेबाचे कागद हाती घेऊन भर सभागृहात विचारतो, तेव्हा ते भाषण वाफ राहत नाही. मत त्याच्याविरुद्ध गेले तरी प्रश्न मागे उरतो, आणि कालांतराने त्याचे उत्तर कोणास तरी द्यावेच लागते. याचे एक उदाहरण म्हणून वेल्स देशातील एका सभासदाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. वादाचा विषय वरवर पाहता हसण्यासारखा होता: वृद्धांच्या कवळ्या व कामकऱ्यांचे चष्मे. परंतु त्या विषयापायी १९५१ सालच्या एप्रिल महिन्यात ब्रिटिश सरकारातून तीन मंत्री बाहेर पडले, आणि तो वाद आजही पुरता मिटलेला नाही.

हे सभासद म्हणजे मि. अनायरिन बेव्हन. त्यांचा जन्म १८९७ साली दक्षिण वेल्समधील ट्रेडीगर या खाणीच्या गावी झाला. बाप कोळशाच्या खाणीत कामाला; मुलगाही चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्याच अंधारात उतरला. लहानपणी बोलताना अडखळणारा हा मुलगा पुढे पार्लमेंटातील पहिल्या प्रतीच्या वक्त्यांत गणला गेला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. त्याच्या वक्तृत्वाला धार कोठून आली हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. १९२५ साली त्याचा बाप छातीत कोळशाची धूळ साचून मुलाच्या हातांवर मेला. ज्या धुळीने तो मेला तिचा रोग त्या काळी भरपाई देण्याजोग्या रोगांच्या यादीत नव्हता. म्हणून घरी एक पैही आली नाही. कायद्याच्या यादीत एक शब्द नसला म्हणजे एका घरात काय घडते, हे या माणसाने पुस्तकात वाचले नव्हते. घरी पाहिले होते. १९२२ साली तो गावच्या स्थानिक मंडळात, १९२८ साली मॉन्मथशायरच्या कौंटी मंडळात आणि १९२९ साली एबू व्हेल मतदारसंघातर्फे मजूर पक्षाचा सभासद म्हणून कॉमन्स सभेत निवडून गेला. त्याच साली एबू व्हेलचा पोलादाचा कारखाना बंद पडला व तो १९३८ पर्यंत सुरू झाला नाही. प्रतिनिधीच्या कारकीर्दीचा आरंभ असा झाला!

त्या दशकात वेल्सची जी दैना झाली तिची कल्पना आज येणे कठीण आहे. १९३२ च्या सुमारास विमा उतरलेल्या कामकऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक तेथे बेकार होते. अशा स्थितीत १९३१ च्या अखेरीस सरकारने ऐपत-तपासणी सुरू केली. तिचा अर्थ असा की, बेकारभत्ता देण्यापूर्वी अधिकाऱ्याने घरात यावे, कोण किती मिळवितो हे विचारावे, आणि मुलाची किंवा मुलीची मिळकत बापाच्या भत्त्यातून वजा करावी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. बापाचा भत्ता तुटू नये म्हणून कमावती मुले घर सोडून दुसरीकडे राहावयास गेली, अशा तक्रारी गावोगाव ऐकू येऊ लागल्या. ज्या कुटुंबसंस्थेचे गोडवे सरकारी बाकांवरून गाइले जात, तीच त्या सरकारच्या नियमाने फुटत होती. मि. बेव्हन यांनी सभागृहात या गोष्टीवर वारंवार हल्ला चढविला. पुढे १९३४ च्या कायद्याखाली भत्त्याचे नवे दर ठरले आणि ते जानेवारी १९३५ मध्ये अंमलात आले, तेव्हा अनेक घरांस पूर्वीपेक्षाही कमी मिळू लागले. फेब्रुवारीच्या आरंभी दक्षिण वेल्सच्या दऱ्याखोऱ्यांतून लाखो माणसे रस्त्यावर उतरली. चर्चमध्ये जाणारे व न जाणारे, दुकानदार व खाणकामगार, सर्व एका रांगेत चालले. ५ फेब्रुवारी रोजी सरकारने कपातीस स्थगिती दिल्याचे सभागृहात जाहीर केले. बाहेरचा मोर्चा व आतला प्रश्न यांची अशी सांगड पडली म्हणजे बहुमताचेही पाय लटपटतात, हा यातील पहिला बोध होय.

आता ज्या लोकसेवेवरून पुढे तंटा झाला तिचे मूळही त्याच ट्रेडीगर गावात आहे. तेथील कामकऱ्यांनी आपसांत वैद्यकीय साहाय्याची एक संस्था चालविली होती. मजुरीच्या दर पौंडामागे तीन पेन्स, म्हणजे मिळकतीचा ऐंशीवा हिस्सा, प्रत्येकाने द्यावयाचा. आणि त्याच्या बदल्यात त्याला व त्याच्या कुटुंबाला डॉक्टर, औषध, इस्पितळ, दंतवैद्य यांची सोय मिळावयाची. आजारी पडल्यावर पैसे मोजावयाचे नाहीत, धडधाकट असताना मोजावयाचे, हे तिचे तत्त्व. मि. बेव्हन यांनी तरुणपणी या व्यवस्थेत प्रत्यक्ष काम केले होते. १९४५ साली मजूर पक्ष अधिकारावर आला व ते आरोग्यमंत्री झाले, तेव्हा ट्रेडीगरला जे होते ते सर्व देशाला द्यावयाचे, असा त्यांच्या योजनेचा सारांश होता. कायदा १९४६ साली झाला, आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. पहिल्या वर्षभरात पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. लोक एकाएकी आंधळे झाले होते काय? नाही. जे पूर्वी बाजारात स्वतःच चार चष्मे डोळ्यांवर लावून पाहून त्यातल्या त्यात बरा दिसेल तो उचलीत, किंवा दिसत नाही तर नाही म्हणून स्वस्थ बसत, ते आता डॉक्टरकडे आले एवढेच. साठलेले दुःख एकदम दारात येऊन उभे राहिले. त्यामुळे खर्च अंदाजाबाहेर गेला, आणि उधळपट्टीची ओरड सुरू झाली.

येथून १९५१ चा प्रसंग सुरू होतो. १९५० च्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले. ब्रिटिश सरकारने शस्त्रसज्जतेचा तीन वर्षांचा कार्यक्रम आखला. आरंभी त्याचा आकडा ३६० कोटी पौंड होता. जानेवारी १९५१ मध्ये तो ४७० कोटींवर नेण्यात आला. लढाईने आधीच थकलेल्या देशावर हे ओझे पडले. अर्थमंत्री मि. ह्यू गेट्स्केल यांनी १० एप्रिल रोजी अंदाजपत्रक मांडले व त्यात सुचविले की, आरोग्यसेवेतून मिळणाऱ्या कवळ्या व चष्मे यांची सुमारे अर्धी किंमत यापुढे रोग्याने द्यावी. यातून त्या वर्षी १ कोटी ३० लक्ष पौंड वाचावयाचे होते, आणि पुढे पूर्ण वर्षाला २ कोटी ३० लक्ष.

मि. गेट्स्केल यांची बाजू सांगितल्याशिवाय न्याय होणार नाही. ते गरिबांचे वैरी नव्हते. त्यांचे म्हणणे असे होते की, कोणत्याही सेवेच्या खर्चाला कोठे तरी मर्यादा घातलीच पाहिजे. मर्यादा नसेल तर शाळा, निवृत्तिवेतन, घरे यांच्या वाट्याचे पैसे हीच एक सेवा खाऊन टाकील. डॉक्टर व इस्पितळ यांना हात न लावता, ज्या गोष्टीवाचून माणूस मरत नाही अशा गोष्टींवर थोडा आकार बसवावा, मुलांच्या चष्म्यांस वगळावे, अगदी निर्धनास साहाय्य द्यावे, यात अन्याय तो कोणता? हा युक्तिवाद अर्थमंत्र्याच्या तोंडी शोभण्यासारखा आहे, आणि तो आजही देशोदेशीच्या अर्थखात्यांतून याच शब्दांत ऐकू येतो. म्हणूनच त्याला दिलेले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मि. बेव्हन त्या वेळी मजूरमंत्री होते. त्यांनी राजीनामा दिला आणि २३ एप्रिल १९५१ रोजी कॉमन्स सभेत आपले निवेदन केले. त्यांच्याबरोबर व्यापारमंत्री मि. हॅरॉल्ड विल्सन व दुय्यम मंत्री मि. जॉन फ्रीमन हेही बाहेर पडले. गरिबांच्या दातांविषयी करुण वर्णन करून सभागृहास रडविण्याचा सोपा मार्ग मि. बेव्हन यांस मोकळा होता. पण त्यांच्या भाषणाचा कणा अर्थशास्त्राचा होता, करुणेचा नव्हता. त्यांनी विचारले की, ४७० कोटी पौंड तुम्ही कागदावर लिहिले, परंतु तेवढ्या रकमेच्या तोफा, विमाने व रणगाडे करावयास लागणारा कच्चा माल कोठे आहे? यंत्रे घडविणारी यंत्रे कोठे आहेत? जगभर सर्वच राष्ट्रे एकाच वेळी तोच माल ओढू लागली आहेत. त्याच्या किमती चढतील, कारखाने मालावाचून अडतील, सामान्य माणसाच्या संसारातील जिन्नस महागतील, आणि तरीही ठरलेली शस्त्रे ठरल्या वेळी तयार होणार नाहीत. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? जो पैसा खर्च होणेच शक्य नाही त्याच्यासाठी जागा करावयाची म्हणून रोग्याच्या तोंडातील दात व डोळ्यांवरील चष्मा यांवर आकार बसवावयाचा, यास काटकसर म्हणत नाहीत. आणि एकदा हे दार किलकिले झाले की, आज कवळी, उद्या औषध, परवा इस्पितळातील खाट, असे होत जाईल, असेही त्यांनी बजावले.

वाचकांनी आकड्यांकडे जरा पाहावे. ४७० कोटी तीन वर्षांत वाटले तर दर वर्षास सुमारे १५७ कोटी पडतात. त्यांच्यापुढे १ कोटी ३० लक्ष ही रक्कम शंभराव्या हिश्श्याइतकीही भरत नाही. युद्धखात्याच्या अंदाजात एवढी रक्कम इकडची तिकडे झाली तर कारकुनाच्याही ध्यानात येत नाही; पण ती म्हाताऱ्या विणकरणीच्या चष्म्यातून काढावयाची झाली तर तिला सुईत दोरा ओवता येत नाही. अर्थव्यवस्था निराळी व लोकसेवा निराळी, असे मानून चालणाऱ्यांस ही तुलना कधीच दिसत नाही, कारण ते दोन्ही वह्या निरनिराळ्या दिवशी उघडतात. मि. बेव्हन यांनी दोन्ही वह्या एकाच दिवशी, एकाच मेजावर उघडल्या. त्यांच्या त्या भाषणाची आमच्या मते हीच खरी किंमत आहे.

त्यांचे दोषही झाकण्याचे आम्हांस कारण नाही. खुद्द मि. बेव्हन आरोग्यमंत्री असतानाच, १९४९ साली, औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आकारण्याची मुभा देणारा कायदा झाला होता. तो त्यांनी अंमलात आणला नाही, पण त्यास मान तुकविली होती. ४७० कोटींच्या कार्यक्रमाचे समर्थनही त्यांनीच १९५१ च्या फेब्रुवारीत, मालटंचाईचा इशारा देऊन का होईना, सभागृहात केले होते. राजीनाम्याच्या भाषणात जुन्या सहकाऱ्यांवर जे वैयक्तिक वाग्बाण सुटले त्यांनी त्यांच्या चाहत्यांसही खिन्न केले. पक्षात फूट पडली. ऑक्टोबर १९५१ च्या निवडणुकीत मजूर पक्ष हरला, आणि पुढे तेरा वर्षे तो अधिकाराबाहेर राहिला. या पराभवाचे सर्व खापर एका भाषणावर फोडणे अन्यायाचे होईल. पण जो सभासद सत्य बोलतो त्याने ते रागाने झाकोळू न देता बोलावे, एवढा धडा त्यातून घेण्यास हरकत नाही. रागाने म्हटलेले खरे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात राग ठेवून जाते, आणि त्यातील सत्य दाराबाहेर राहते.

पण पुढे काय झाले? डिसेंबर १९५१ मध्ये नवे मुख्य प्रधान मि. चर्चिल यांस त्याच सभागृहात कबूल करावे लागले की, शस्त्रसज्जतेचा तो कार्यक्रम ठरल्या मुदतीत पुरा होणे नाही. त्या वेळी त्यांनी एबू व्हेलच्या सभासदाचा सन्मानपूर्वक उल्लेख केला, आणि हा मनुष्य योगायोगाने, कदाचित चांगल्या हेतूने नसेलही, पण बरोबर ठरला, असे आपल्या नेहमीच्या खोचक रीतीने सांगितले. हाडवैऱ्याच्या तोंडून याहून मोठी पावती ती काय मिळणार? उधळपट्टीच्या ओरडीचीही अशीच वाट लागली. हुजूर पक्षाच्या सरकारने १९५३ साली मि. गिलेबो यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्यसेवेच्या खर्चाची चौकशी करण्यास समिती नेमली. तिचा अहवाल जानेवारी १९५६ मध्ये आला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने या सेवेचा खर्च १९४९-५० साली शेकडा पावणेचार होता, तो १९५३-५४ साली शेकडा सव्वातीनवर आला होता, म्हणजे वाढला नसून घटला होता! समितीला उधळपट्टी सापडावी अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांस इमारती व इस्पितळे यांवर खर्च अपुरा होत असल्याचे ऐकावे लागले.

दार किलकिले होईल हे भाकितही खरे ठरले. १९५२ च्या जूनमध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग बसला. १९६५ साली मि. विल्सन स्वतः मुख्य प्रधान असता तो आकार उठविला गेला. आणि १९६८ साली, पौंडाची किंमत उतरल्यानंतरच्या ओढाताणीत, त्याच विल्सनसाहेबांच्या सरकारने तो पुन्हा बसविला. ज्या तत्त्वासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडले ते तत्त्व सतरा वर्षांनी मुख्य प्रधानपद राखण्यासाठी सोडले, असे कोणी म्हटल्यास त्यास उत्तर देणे कठीण आहे. इंग्लंडात औषधाचा हा आकार चढत चढत २०२४ साली दर औषधामागे ९ पौंड ९० पेन्स झाला. वेल्समध्ये मात्र १ एप्रिल २००७ पासून तो मुळीच नाही. बेव्हन यांच्या मातृभूमीने, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, औषधापुरता तरी त्यांचा शब्द राखला. कवळीवरचा आकार तेथेही उठलेला नाही.

वेल्सला हे करता आले, कारण १९९९ पासून त्याला कार्डिफ येथे स्वतःचे प्रतिनिधिगृह आहे. आरंभी ६० सभासदांच्या या गृहाचे अधिकार बेताचेच होते. २०११ च्या लोकमतानंतर त्याला नेमून दिलेल्या विषयांत पूर्ण कायदे करण्याची सत्ता मिळाली, २०२० साली त्याला सेनेद हे वेल्श नाव मिळाले, आणि २०२४ च्या कायद्याने २०२६ च्या निवडणुकीपासून त्याची सभासदसंख्या ९६ ठरली. इस्पितळे व शाळा यांचा कारभार या गृहाकडे आहे. परंतु तिजोरीची मुख्य किल्ली लंडनलाच आहे. इंग्लंडातील खर्च वाढला किंवा घटला की लोकसंख्येच्या प्रमाणात वेल्सचा वाटा वाढावयाचा किंवा घटावयाचा, असा बार्नेट नावाच्या मंत्र्याच्या काळापासून चालत आलेला त्रैराशिकाचा नियम आहे. २०१९ पासून प्राप्तीवरील कराचा काही भाग ठरविण्याचा अधिकार वेल्सला मिळाला असला, तरी उत्पन्नाचा मोठा भाग या त्रैराशिकातूनच येतो. तेव्हा सेनेदचा सभासद इस्पितळातील रांगेविषयी बोलू लागला की त्याला आकडेमोडीचे ज्ञान असावेच लागते.

याचा एक नमुना सांगतो. लंडनपासून बर्मिंगहॅमकडे जाणारा जो अतिजलद लोहमार्ग बांधण्यात येत आहे, त्याचा एक मैलही वेल्सच्या भूमीवर नाही. तरी सरकारी दप्तरात तो ‘इंग्लंड व वेल्स’ यांचा मिळून प्रकल्प म्हणून नोंदला गेला. परिणाम असा की, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांस त्या खर्चाच्या प्रमाणात वाटा मिळाला, वेल्सला मिळाला नाही. ही गोष्ट एका रकान्यातील दोन शब्दांची आहे. परंतु त्या दोन शब्दांत कित्येक कोटी पौंड आहेत. वेल्सच्या निरनिराळ्या पक्षांच्या सभासदांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला, आणि २०२१ साली पार्लमेंटाच्या वेल्सविषयक समितीनेही ही नोंद बदलावी अशी शिफारस केली. बापाच्या रोगाचे नाव यादीत नव्हते म्हणून पै मिळाली नाही, आणि लोहमार्गाच्या नोंदीत आपले नाव नको तेथे आले म्हणून वाटा मिळाला नाही. शंभर वर्षांत दप्तराची भाषा बदलली, तिची ताकद बदलली नाही.

मि. बेव्हन आपल्या भाषणांतून एक गोष्ट सांगत. तरुणपणी त्यांस कोणी सांगितले की, सत्ता गावच्या मंडळात असते. ते तेथे गेले तो ती कौंटीकडे गेलेली. कौंटी मंडळात गेले तो ती पार्लमेंटात गेलेली. पार्लमेंटात पोचले तेव्हाही तिच्या अंगरख्याची टोके तेवढी कोपऱ्याआड जाताना दिसली. ही गोष्ट विनोदाची खरी. पण पोर्ट टॅल्बट येथे जे घडले त्याने तिला आणखी एक कोपरा जोडला, आणि तो कोपरा आपल्या मुंबईत आहे. दक्षिण वेल्सच्या किनाऱ्यावरील हा पोलादाचा प्रचंड कारखाना २००७ सालापासून टाटांच्या मालकीचा. तेथील अखेरची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझविण्यात आली. त्या फेरबदलात ब्रिटनभर मिळून सुमारे २,८०० नोकऱ्या जाणार असे सांगण्यात आले होते, आणि त्यांतील बहुतेक याच गावच्या. भट्ट्यांचे आयुष्य संपत आले आहे, रोज दहा लाख पौंडांचा तोटा होतो, आणि कोळशाच्या धुराने हवा बिघडते, असे कंपनीचे म्हणणे. विजेवर चालणारी नवी भट्टी १२५ कोटी पौंड खर्चून उभारावयाची आणि त्यांतील ५० कोटी ब्रिटिश सरकारने द्यावयाचे, असा करार. कंपनीचे म्हणणे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण कार्डिफमधील सभासदाने पोर्ट टॅल्बटच्या कामकऱ्यांविषयी प्रश्न विचारला, तर उत्तर देणारा मंत्री लंडनकडे बोट दाखवी. लंडनचा मंत्री कंपनीकडे. आणि कंपनीचा अखेरचा निर्णय मुंबईच्या फोर्टातील कचेरीत होई. ज्या शहराने परक्या राजधानीत झालेल्या निर्णयांची झळ पिढ्यान् पिढ्या सोसली, तेच शहर आता दुसऱ्या कोणाच्या गावाची दूरची राजधानी झाले आहे. या उलटापालटीचा अभिमान वाटून घेणाऱ्यांनी तिच्याबरोबर येणारी जबाबदारीही समजून घ्यावी.

पुढील वर्षी, १२ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे शनिवारी, सुटीत असलेले पार्लमेंट मुद्दाम बोलावून इंग्लंडातील स्कन्थॉर्प येथील झोतभट्ट्या विझू नयेत म्हणून एका दिवसात कायदा करण्यात आला. त्या भट्ट्या एका चिनी कंपनीच्या मालकीच्या होत्या. तेव्हा वेल्सच्या सभासदांनी सभागृहात साधा प्रश्न केला: हाच न्याय पोर्ट टॅल्बटला का लागू झाला नाही? सरकारने दोन्ही प्रसंग निराळे असल्याचे सांगितले. करार पूर्वीच झाला होता, असेही सांगितले. उत्तर कोणास पटो वा न पटो. परंतु प्रश्न दप्तरात नोंदला गेला आहे, आणि १९५१ च्या प्रश्नाप्रमाणे तोही पुन्हा पुन्हा वर येईल. कारण कारखाना गेला म्हणजे केवळ मजुरी जात नाही. मजुरी गेली की कर जातो, दुकाने ओस पडतात, तरुण गाव सोडतात, मागे वृद्ध उरतात, आणि ज्या वेळी इस्पितळाची गरज सर्वांत जास्त त्याच वेळी त्याला पोसणारी मिळकत सर्वांत कमी होते. पोलाद हा अर्थखात्याचा विषय व इस्पितळ हा आरोग्यखात्याचा, अशी वाटणी सरकारच्या सोयीची आहे. ट्रेडीगरच्या किंवा पोर्ट टॅल्बटच्या घरात ती वाटणी नसते. तेथे एकच चूल असते.

यावरून आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते थोडक्यात असे. प्रतिनिधीने सभागृहात दुःखाचे वर्णन करावे हे ठीकच. पण वर्णन करून थांबणारा प्रतिनिधी सरकारला फारसा जड जात नाही. सरकार सहानुभूती दाखविते, समिती नेमते, आणि पुढच्या विषयाकडे वळते. जड जातो तो हिशेब करणारा. अमुक रक्कम अमुक ठिकाणी अनाठायी आहे, ती खर्चच होणार नाही, आणि तिच्यासाठी अमक्याच्या घासातला घास काढला जात आहे, असे जो दाखवून देतो त्याला बहुमताने हरविता येते. खोटे पाडता येत नाही. त्याने आपले आकडे आधी तपासावेत, प्रतिपक्षाची बाजू पुरती समजून घ्यावी, राग आवरावा, आणि सत्ता ज्या कचेरीत गेली असेल त्या कचेरीपर्यंत, ती लंडनची असो वा मुंबईची, आपला प्रश्न नेऊन पोचवावा. मतदारांचे कर्तव्यही येथे संपत नाही. आपला सभासद किती मोठ्याने बोलला हे विचारण्याचे सोडून त्याने कोणती वही उघडली व कोणता आकडा विचारला, हे मतदार विचारू लागतील, तेव्हा सभागृहातील भाषणे आपोआप सुधारतील. कवळी व चष्मा या क्षुद्र वस्तू खऱ्या. पण एका राष्ट्राच्या तिजोरीत काय चालले आहे हे त्या चष्म्यातून एका खाणकामगाराच्या मुलाला अर्थमंत्र्यापेक्षा स्पष्ट दिसले होते.